आवाज येतो, चित्र येत नाही: सॅटेलाइट फीडसाठी पीसी कसा निवडायचा

मावसभावाचा फोन आला रात्री साडेअकराला, आणि हा माणूस इतक्या रात्री फोन करतो म्हणजे एकतर घरी कोणीतरी आजारी असतं नाहीतर गच्चीवरच्या डिशच्या छत्रीवर काहीतरी लॉक झालेलं, म्हणजे नवा सिग्नल पकडला गेलेला असतो. "दादा, फीड लॉक झालीय, सिग्नल मस्त आहे, आवाज पण येतोय, पण चित्र नुसतं काळं." कशावर बघतोयस विचारलं तर म्हणे सेट टॉप बॉक्सवर. म्हटलं पीसीला लाव. आठ दिवसांनी परत फोन, "पीसीवर चित्र येतंय पण अडकत अडकत, फोटोंचा अल्बम बघितल्यासारखं." तिसरा फोन महिन्याभराने आणि जरा हळू आवाजात, कारण दरम्यान साहेबांनी मला न विचारता एक जाडजूड गेमिंग ग्राफिक्स कार्ड घेऊन टाकलं होतं, बायकोला काय सांगितलं ते मला माहीत नाही, आणि टास्क मॅनेजर उघडल्यावर त्याला दिसत होतं की प्रोसेसर ९८ टक्क्यांवर आणि ते नवं कोरं कार्ड २ टक्क्यांवर निवांत.

त्या तिसऱ्या फोनवर दीड तास जे बोललो तेच इथे टाइप करतोय. कार्ड खराब नव्हतं, दुकानदाराने फसवलं पण नव्हतं. त्याला एवढंच माहीत नव्हतं की व्हिडिओ चालवण्याच्या कामात कार्डची किंमत बघायची नसते, त्या कार्डला कुठला फॉरमॅट "येतो" ते बघायचं असतं.

आधी फीड म्हणजे काय ते. समजा वानखेडेवर मॅच चालू आहे. बाहेर ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, उभी आहे, तिच्या छत्रीतून चित्र ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहावर जातं आणि तिथून खाली चॅनेलच्या स्टुडिओत उतरतं. तिथे त्यावर स्कोअर, लोगो, कॉमेंट्री, जाहिराती चढतात आणि मग परत वर जाऊन डीटीएचने आपल्या घरात येतं. यातला पहिला टप्पा, मैदान ते स्टुडिओ, त्याला फीड म्हणायचं. उपग्रह काही फक्त स्टुडिओवर प्रकाश पाडत नाही, तो सगळ्या देशावर पाडतो, म्हणून ज्याच्या गच्चीवर सहा-आठ फुटी सी बँडची छत्री आहे त्याला ती सापडू शकते. ८३ अंश पूर्व रेखांशावर जीसॅट-३० हा उपग्रह आहे (जानेवारी २०२० मध्ये गेला, जुन्या इन्सॅट-४एच्या जागी), ६८.५ ला इंटेलसॅट २०, १००.५ ला एशियासॅट ५, ही शौकिनांची नेहमीची ठिकाणं. चॅनेल चोवीस तास असतो, फीड तासा-दोन तासांची पाहुणी. आली की आली, गेली की गेली, म्हणून तर रात्री साडेअकराला फोन येतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून मोकळा होतो. बऱ्याच फीडला कुलूप असतं, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने काढलेली बिस नावाची पद्धत जास्त करून. कुलूप असेल तर ती आपल्यासाठी नाही, विषय संपला, चाव्या शोधत फिरू नका. आणि जी उघडी आहे ती स्वतः बघा, पुढे कुणाला वाटू नका. मला यात मजा मिळते ती शोधण्याची आणि जाहिराती नसलेलं, ओव्हर संपल्यावर मैदानात नुसता शांतपणे फिरणारा कॅमेरा बघण्याची.

आता मुद्दा. घरी येणारा चॅनेल आणि फीड, दोन्ही एचडी, मग एक चालतो आणि एक का नाही? लग्नातल्या फोटोग्राफरची मूळ फाईल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तोच फोटो आठवा. फोनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवाल्याला घेऊन कुणी अल्बम करायला बसलं की रंग फाटतात. फीडचं तसंच आहे, तिच्यावर पुढे अजून ग्राफिक्स चढणार असतात, दोन-तीन वेळा परत कॉम्प्रेस होणार असते, म्हणून चॅनेलवाले पहिल्या टप्प्यात रंग जपून ठेवतात. हे जपणं म्हणजेच ते दोन आकडे जे तुम्हाला फीडच्या माहितीत दिसतात: ४:२:२ आणि १० बिट.

४:२:२ ऐकून घाबरायचं काम नाही. टीव्हीच्या चित्रात उजेड वेगळा आणि रंग वेगळा ठेवतात, कारण डोळ्याला उजेडातला फरक पटकन कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून रंगात काटकसर करता येते. चार पिक्सेल रुंद आणि दोन उंच असा आठ पिक्सेलचा तुकडा घ्या. उजेडाचे आकडे आठ, ते कुणी कापत नाही. घरच्या चॅनेलमध्ये, म्हणजे ४:२:० मध्ये, रंगाचे फक्त चार आकडे ठेवतात, एकूण बारा. ४:२:२ मध्ये रंगाचे आठ, एकूण सोळा. म्हणजे एक तृतीयांश माल जास्त. आणि १० बिट म्हणजे प्रत्येक आकड्याला २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या. ऐकायला वाटतं दोनच बिट वाढले, पण कॉम्प्युटरची मेमरी बाइटच्या हिशोबात चालते, १० बिटचा आकडा एका बाइटात मावत नाही, त्याला दोन बाइट द्यावे लागतात. आता हिशोब करा, घरच्या चॅनेलच्या आठ पिक्सेलला १२ बाइट, फीडच्या आठ पिक्सेलला ३२ बाइट. रिझोल्यूशन तेच, एचडी ते एचडी, आणि हमाली अडीच पटीच्या वर.

वाहत्या चित्राचा आकडा पण बघा. १०८०आय म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम. १९२० गुणिले १०८० गुणिले २५ गुणिले २० बिट (४:२:२ मध्ये पिक्सेलमागे सरासरी दोन आकडे, १० बिटचे), उत्तर येतं जवळपास १०४ कोटी बिट, दर सेकंदाला. आणि उपग्रहावरून येतं किती? ७२०० सिम्बॉल रेट, ८पीएसके, ३/४ एफईसी (ही सगळी सिग्नल पाठवायच्या पद्धतीची मापं) अशी अगदी नेहमीची फीड धरली तर १६ एमबीपीएस, म्हणजे १.६ कोटी बिट. तेवढ्याशातून पीसीला ६५ पट फुगवून चित्र उभं करायचंय, मक्याच्या दाण्याची लाही करावी तसं, आणि ते पण दर ४० मिलिसेकंदाला एक फ्रेम, उशीर चालणार नाही. ४के पन्नास फ्रेमची फीड असेल तर हाच आकडा आठ पट, ८२९ कोटी बिट. तशा फीड आपल्याकडे विरळाच, पण लोक पीसी घेताना तिचंच नाव काढतात.

हे फुगवायचं काम, म्हणजे डिकोडिंग, पीसीत दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, ग्राफिक्सच्या चिपमध्ये एक छोटासा कोपरा फक्त व्हिडिओसाठी असतो, एनव्हिडियाचा एनव्हीडेक, इंटेलचा क्विक सिंक, एएमडीचा व्हीसीएन. दुसरं, सरळ प्रोसेसर. पहिल्याला मी पिठाची गिरणी म्हणतो आणि दुसऱ्याला घरचं जातं. गिरणीत डबा ठेवला की पाच मिनिटात पीठ, घाम नाही. पण गिरणीवाल्याने दगड गव्हाचा लावलाय आणि तुम्ही हळकुंडं घेऊन गेलात तर तो डबा परत देतो, मोटर कितीही हॉर्सपॉवरची असू दे. मग घरी जात्यावर बसायचं. जातं काहीही दळतं, फक्त दंडात जोर पाहिजे. गेमिंग कार्डचे ते हजारो कोर, फिरणारे तीन पंखे, जास्तीची मेमरी, ही सगळी गिरणीच्या मोटरची हॉर्सपॉवर आहे. दगड वेगळा असतो, तो चिप बनतानाच ठरतो, आणि नंतर ड्रायव्हर अपडेट करून बदलत नाही.

भावाचं नेमकं तेच झालेलं. फीड होती एच.२६४ (व्हिडिओ कॉम्प्रेस करायची एक पद्धत, म्हणजे कोडेक), ४:२:२, १० बिट. त्याच्या कार्डने डबा परत दिला, प्लेअरने गपचूप सगळं काम प्रोसेसरवर टाकलं, आणि प्रोसेसर होता जुना दोन कोरवाला. सेट टॉप बॉक्सचं तर विचारूच नका, त्यातली चिप घरच्या ४:२:० साठीच बनवलेली असते, आवाजाचा फॉरमॅट साधा म्हणून आवाज येतो आणि चित्र काळं. सिग्नल चांगला, आवाज आहे आणि पडदा काळा असं दिसलं की पहिला संशय ४:२:२ वर घ्यायचा, छत्री हलवायला गच्चीवर पळायचं नाही.

मग कुणाला काय येतं. हा भाग नीट वाचा कारण पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

एमपेग-२ ४:२:२, म्हणजे नव्वदच्या दशकातला प्रकार, अजून अधूनमधून सापडतो. गिरणीत तो जात नाही पण काळजी नको, इतका हलका आहे की कुठलाही बरा प्रोसेसर सहज चालवतो.

एच.२६४ ४:२:२ हा खरा त्रासदायक गडी, आणि एचडी फीडमध्ये हाच सारखा भेटतो. प्रमाण म्हणून तो २००५ च्या आसपासच तयार होता, पण घरगुती पीसीच्या ग्राफिक्समध्ये पुढची वीस वर्षं त्याला कुणी दारात उभं केलं नाही, कारण ब्लू-रे ४:२:०, यूट्यूब ४:२:०, सगळे ओटीटी ४:२:०, मग कोण कशाला चिपमध्ये जागा घालवेल. हे बदललं जानेवारी २०२५ ला आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत, तिच्या डिकोडरला एच.२६४ आणि एचईव्हीसी (एच.२६४ च्या पुढची पिढी) दोन्हीचं ४:२:२ येतं. ते पण आपल्या फीडवाल्यांसाठी नाही केलेलं बरं का, हल्लीचे मिररलेस कॅमेरे ४:२:२ १० बिटमध्ये शूट करतात आणि एडिटिंगवाल्यांनी बोंब मारली होती. त्यांच्या वऱ्हाडात आपण पण जेवून घेतलं एवढंच. त्याआधीचं कुठलंही जीटीएक्स, आरटीएक्स २०, ३०, ४०, कितीही महाग असू दे, एच.२६४ ४:२:२ ला डबा परत. गंमत म्हणजे आरटीएक्स २० पासून एचईव्हीसीचं ४:४:४ येतं, म्हणजे ४:२:२ पेक्षा भारी ते येतं आणि मधलं येत नाही. पहिली यत्ता पास, तिसरी पास, दुसरी गायब. हे बघून मी पण चक्रावलो होतो.

एचईव्हीसी ४:२:२ (प्रमाणात हे २०१४ ला आलं) बाबतीत मात्र इंटेलने बाजी मारलीय, आणि ते पण प्रोसेसरच्या पोटातल्या फुकटच्या ग्राफिक्सने. लॅपटॉपमध्ये आइस लेक, म्हणजे नावात जी असलेले दहाव्या पिढीवाले आय५-१०३५जी१ वगैरे, तिथपासून पुढे. डेस्कटॉपमध्ये अकराव्या पिढीपासून. दहाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर घेऊ नका या कामासाठी, नाव दहावी पिढी असलं तरी पोटातलं ग्राफिक्स जुन्याच वळणाचं आहे, त्याला ४:२:२ येत नाही. आणि अजून एक सापळा, एफ. आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. एफवाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतात, गेमिंगवाल्याला ते चालतं, आपल्याला नाही, आपण त्या हजार-दीड हजारासाठी गिरणीच घालवून बसतो.

एएमडीचे रायझन प्रोसेसर जातं म्हणून एकदम दणकट, पण त्यांचं ग्राफिक्स, निदान आरएक्स ७००० मालिकेपर्यंतचं, ४:२:२ ला हात लावत नाही. म्हणजे रायझन घ्यायला हरकत नाही, फक्त सगळं प्रोसेसरच दळणार हे धरून जास्त कोरवाला घ्या. रास्पबेरी पायवर, म्हणजे त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर, हे चालेल का असं कायम कुणीतरी विचारतं. पाय ५ मधून तर त्यांनी एच.२६४ चा डिकोडर काढूनच टाकलाय, एचईव्हीसीचा ठेवलाय तो ४:२:० वाला. तेव्हा नाही.

तर जात्याकडे वळू, कारण आरटीएक्स ५० घेणार नसाल तर (आणि फक्त फीडसाठी घेऊ नका असंच मी म्हणेन) एच.२६४ ४:२:२ शेवटी प्रोसेसरवरच पडणार. चांगली बातमी अशी की एचडीपुरतं हे काम लोक समजतात तेवढं मोठं नाही. चार खरे कोर असलेला सहाव्या पिढीच्या आसपासचा आय५, ऑफिसांनी काढून टाकलेले ते डबे मिळतात ना, मोबाइलच्या किमतीत, तो एक १०८०आय फीड नीट चालवतो. दोन कोरवाले पेंटियम, सेलेरॉन, जुने लॅपटॉप मात्र सोडून द्या. पेंटियम-सेलेरॉनमध्ये बरीच वर्षं एव्हीएक्स सूचनाच बंद ठेवलेल्या होत्या, म्हणजे एका फटक्यात जास्त आकडे उचलायची जी सोय मोठ्या भावांना आहे ती यांना नाही.

इथे एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. डिकोडिंगमध्ये दोन प्रकारची कामं असतात. एक चित्र उभं करण्याचं, ते कोरांमध्ये वाटता येतं, चार बायका मिळून पापड लाटतात तसं. दुसरं असतं आलेले बिट उलगडायचं, एच.२६४ मध्ये त्याला कॅबॅक म्हणतात, आणि त्यात पुढचा बिट कळायला मागचा उलगडलेला असावा लागतो, म्हणजे एसटीच्या कंडक्टरने एकेकाचं तिकीट फाडल्यासारखं, रांगेत, घाई करून उपयोग नाही. पिक्सेल वाढले की पहिलं काम वाढतं, बिटरेट, म्हणजे सेकंदाला येणारे बिट, वाढला की दुसरं वाढतं. म्हणून १६ एमबीपीएसची फीड लोण्यासारखी चालते आणि त्याच रिझोल्यूशनची ५०-६० एमबीपीएसवाली त्याच मशीनवर अडकते, आणि लोक म्हणतात काल तर चालत होतं. यावरून निवडीचं गणित असं की नुसते कोर मोजू नका, एका कोरचा वेग पण बघा. सोळा कोरचा जुना सर्व्हरवाला झिऑन स्वस्तात मिळतो आणि मोह होतो, पण त्याचा एकेक कोर हळू असतो, त्यापेक्षा सहा कोरचा नवा आय५ मला केव्हाही आवडेल.

माझं मत विचाराल तर बाराव्या पिढीचा एफ नसलेला आय५, सहा कोर, पोटात यूएचडी ७३० ग्राफिक्स. एचईव्हीसी ४:२:२ आली तर गिरणीत, एच.२६४ आली तर जात्यावर, दोन्हीकडून निभावतं. बजेट कमी असेल तर आय३-१२१००, चारच कोर पण वेगवान. एन१०० वाले छोटे डबे दिसायला गोंडस, वीज पण किती कमी खातात, पण त्यातले चार कोर लहान आहेत, जड एच.२६४ आणि वर डीइंटरलेसिंग असं दोन्ही पडलं की धाप लागते. मी या कामासाठी नाही घेणार.

डीइंटरलेसिंग शब्द आलाच आहे तर. १०८०आय मधला आय म्हणजे इंटरलेस्ड, एक फ्रेम दोन अर्ध्या भागात येते, आधी विषम ओळी मग सम ओळी, सेकंदाला असे ५० अर्धे. मॉनिटरला हे अर्धे-मुर्धे चालत नाही, त्याला पूर्ण चित्र लागतं, म्हणून प्लेअर दोन अर्ध्यांमधल्या रिकाम्या ओळी अंदाजाने भरतो आणि ५० पूर्ण फ्रेम करतो. न भरल्यास पळणाऱ्या बॉलरच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. व्हीएलसी आणि एमपीव्ही या दोन्ही प्लेअरमध्ये कीबोर्डवरचा डी दाबला की हे चालू-बंद होतं. खरी मेख अशी की चित्र गिरणीत दळलं तर हे काम पण ग्राफिक्समध्येच होऊन जातं, आणि जात्यावर दळलं तर बऱ्याचदा हे सुद्धा प्रोसेसरच्याच माथी, म्हणजे आधीच दमलेल्याच्या डोक्यावर अजून एक पाटी. म्हणून पीसी तपासताना डीइंटरलेस चालू ठेवून तपासा.

आणि एवढं सगळं करूनही बातम्यांची खालची पट्टी सरकताना झटके खात असेल तर पीसीला शिव्या देण्याआधी मॉनिटरचं सेटिंग बघा. फीड सेकंदाला ५० चित्रं देते आणि मॉनिटर ६० वेळा रंगवतो, मग दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा वेळा हलका हिसका. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ५० हर्ट्झ मिळतं का बघा, बऱ्याच टीव्हींना आणि काही मॉनिटरना जमतं. शून्य रुपये खर्च. १० बिटची फीड म्हणून १० बिटचा मॉनिटर घ्यायची मात्र काही गरज नाही, साध्यावर पण छान दिसते.

रॅम ८ जीबी पुरते, १६ असेल तर निवांत, पण एक काठी टाकण्यापेक्षा दोन टाका. ती ३२ बाइटवाली हमाली आठवतेय ना, तो सगळा माल मेमरीतूनच ये-जा करतो, डीडीआर४-३२०० ची एक काठी सेकंदाला २५.६ जीबीचा रस्ता देते आणि दोन मिळून ५१.२. पोटातलं ग्राफिक्स असेल तर तेही त्याच रस्त्यावर असतं. हार्ड डिस्कची भीती वाटून घेऊ नका, १६ एमबीपीएसची फीड रेकॉर्ड केली तर तासाला ७.२ जीबी होतात, सेकंदाला फक्त २ एमबी, ते कुठलीही जुनी डिस्क लिहिते.

ट्यूनर, म्हणजे छत्रीचा सिग्नल पीसीत आणणारं यंत्र. यूएसबीचा कमी आणि पीसीआय एक्सप्रेसवाला भारी असं काही नसतं, यूएसबी २ चा रस्ता कागदावर ४८० एमबीपीएसचा आहे आणि उपग्रहावरचा ३६ मेगाहर्ट्झचा आख्खा ट्रान्सपाँडर (सिग्नल खाली पाठवणारा एक मार्ग) जेमतेम ६५-७० देतो. ट्यूनरमध्ये बघायचं ते हे की त्याला कुठलं मॉड्युलेशन (बिट लहरींवर चढवायची पद्धत) येतं. साधे डीव्हीबी-एस२ ट्यूनर ८पीएसकेला थांबतात. फीडवाले जागा वाचवायला कधी १६एपीएसके, ३२एपीएसके वापरतात, मल्टिस्ट्रीम करतात, म्हणजे एकाच सिग्नलमध्ये अनेक प्रवाह घालतात, त्यासाठी टीबीएससारख्या कंपन्यांची प्रोफेशनल म्हणून येणारी कार्डं लागतात. पण कार्ड घेण्याआधी छत्रीकडे बघा. ३/४ एफईसीला (चारातले तीन भाग माल, एक भाग चूक दुरुस्तीला) ८पीएसके लॉक व्हायला सिग्नल-नॉइजचा साधारण ८ डीबी लागतो, १६एपीएसकेला १०.२ आणि ३२एपीएसकेला पावणेतेरा. हे प्रयोगशाळेतले आकडे, गच्चीवर एखादा डीबी वरच धरा. सहा फुटी छत्रीवर ९ डीबी येत असेल तर महागडं कार्ड फक्त शोभेला. ऑफिसवाल्या बुटक्या डब्यात कार्डची पट्टी बसत नाही हे पण आधी मोजून घ्या, मी करवत घेऊन बसलेलो आहे.

घेण्याआधी तपासायचं कसं? कुणा शौकिनाकडून त्या प्रकारच्या फीडची मिनिटभराची रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घ्या आणि दुकानात किंवा मित्राच्या मशीनवर एमपीव्हीत चालवा. इंग्रजी आय दाबला की पडद्यावर सगळी कुंडली येते, कोडेक, ४:२:२ आहे का, किती फ्रेम गाळल्या, आणि हार्डवेअर डिकोड चालू आहे की नाही. तिथे हार्डवेअरचं नाव दिसत नसेल तर समजायचं जातं फिरतंय, मग दुकानदार काही का सांगेना. एमपीव्ही स्वतःहून गिरणीत जात नाही, हार्डवेअर डिकोड सेटिंगमध्ये ऑटो करावं लागतं. आणि कधी कधी चिपला येत असतं, पण ड्रायव्हरला किंवा जुन्या प्लेअरला ते मागता येत नाही, म्हणून दोन्ही ताजे ठेवा, विशेषतः आरटीएक्स ५० असेल तर. ज्यांना कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीची भीती नाही त्यांनी एफएफएमपेग या फुकटच्या सॉफ्टवेअरला फाईल द्यावी आणि आउटपुट कुठेच नाही असं सांगावं, तो पूर्ण जोर लावून डिकोड करतो आणि स्पीड दाखवतो. एक पट म्हणजे अगदी काठावर, दोन पटीच्या खाली मी मशीन घेत नाही, कारण वर डीइंटरलेस आहे, विंडोजचे अपडेट आहेत आणि मे महिना आहे. लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो.

आता शेवटचं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुकणारं. चित्रात चौकोन पडतात, तुटतं, दोष पीसीचा की सिग्नलचा? फीडची टीएस फाईल (उपग्रहावरून आला तसाच माल) रेकॉर्ड करा आणि तीच फाईल तीनदा चालवा. तुटणं दर वेळी नेमक्या त्याच सेकंदाला येत असेल तर माल आतच खराब आलाय, प्लेअरचा किंवा ग्राफिक्सचा बहुतेक काही संबंध नाही. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर पीसी दमतोय. यामागचं कारण साधं आहे, उपग्रहावरून येणारा माल १८८ बाइटच्या पुड्यांमध्ये येतो आणि प्रत्येक पुडीवर ० ते १५ असा फिरता नंबर असतो, एखादी पुडी वाटेत पडली की नंबर उडी मारतो. बहुतेक फीडवाली सॉफ्टवेअर ही उडी मोजून दाखवतात. उडी आहे आणि सिग्नल पण भरपूर आहे असं असेल तर मधला एक चोर पकडायचा राहिलाय, विंडोजचं यूएसबी पॉवर सेव्हिंग. वीज वाचवायला ते ट्यूनरला मधूनच डुलकी काढायला लावतं. पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

भावाने ते कार्ड अर्ध्याहून थोड्या जास्त किमतीला कॉलेजच्या एका पोराला विकलं, ते पोरगं खूश आहे, गेम चालतात. आय५ चा डबा आला, पहिल्याच शनिवारी १०८०आय फीड लागली, प्रोसेसर तिशीत, चित्र काचेसारखं, व्हिडिओ कॉलवर मला दहा मिनिटं गवत दाखवत होता. जूनमध्ये परत फोन. "दादा, आता परत चौकोन पडतायत, रॅम वाढवू का?" म्हटलं फाईल तीनदा चालव. त्याच सेकंदाला तुटत होती. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन छत्रीपाशी गेला, एलएनबीचा (छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) कनेक्टर उघडला, आणि आतून चमचाभर पाणी निघालं.